कार्डियामोबाइल सिक्स-एल: ॲब्लेशननंतर घरी किती कामाचं?

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, कर्णिकांची, लय विस्कटणं. त्यावर ॲब्लेशन, म्हणजे शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) घालून कर्णिकेतल्या ठरावीक जागी चट्टे पाडणं, असा उपचार करून माणूस घरी येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीच छातीत फडफड होते. हे परत तेच सुरू झालं की नुसते चुकार ठोके? नाडीवर बोट ठेवून याचं उत्तर नक्की मिळत नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबलेली असते आणि तिथला ईसीजी स्वच्छ येतो. अलाइव्हकोर कंपनीची ही छोटी पट्टी ही अडचण सोडवते, पण अर्धीच. थोडक्यात मत सांगायचं तर हे यंत्र ईसीजीची रेघ उत्तम काढतं, पण रेघेखाली जो शब्द लिहितं त्यावर विसंबून राहू नये.

पट्टी ९ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद आणि वजनाला २४ ग्रॅम. वर दोन धातूचे पत्रे बोटांसाठी, खाली तिसरा पत्रा डाव्या पायासाठी. ३० सेकंदांत एक, दोन, तीन, एव्हीआर, एव्हीएल आणि एव्हीएफ अशा सहा लीड, म्हणजे हृदयाच्या विजेकडे पाहण्याच्या सहा दिशा, ब्लूटूथने फोनवर उतरतात. साध्या कार्डियामोबाइलमध्ये आणि मनगटी घड्याळात एकच लीड मिळते. ॲब्लेशन झालेल्यांच्या बाबतीत हा फरक मोठा आहे.

कारण ॲब्लेशननंतर परत येणारी लय दर वेळी फिब्रिलेशनच असते असं नाही. डाव्या कर्णिकेत नवे चट्टे पडलेले असतात आणि त्यांच्याभोवती विद्युतप्रवाह गोल फिरू लागला की फ्लटर किंवा एट्रियल टॅकिकार्डिया होतो; दोन्ही कर्णिकेतल्या वेगवान लयी. ही लय बऱ्याचदा नियमित असते. फिब्रिलेशन ओळखताना यंत्राचा सगळा भर ठोक्यांमधलं अंतर वेडंवाकडं आहे का यावर असतो, त्यामुळे नियमित फ्लटर त्याच्या हातून निसटतो. ठोके मिनिटाला १०० ते १४० असले तर ते ‘टॅकिकार्डिया’ (वेगवान ठोके) म्हणून मोकळं होतं. १४०च्या वर गेले तर बहुधा ‘अनक्लासिफाइड’, म्हणजे लय ओळखता आली नाही. फ्लटरमध्ये दोनास एक या प्रमाणात, म्हणजे कर्णिकेच्या दोन लाटांमागे एक ठोका असे, १५० च्या आसपास ठोके पडणं अगदी नेहमीचं, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी यंत्र गप्प बसतं. फ्लटरच्या करवतीसारख्या लाटा दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये सहसा जास्त ठळक दिसतात आणि त्या लीड पायाच्या पत्र्याशिवाय मिळत नाहीत. जास्तीचे पैसे मोजायचे ते या तिसऱ्या पत्र्यासाठी.

उलटी चूकही होते. ॲब्लेशननंतर काही आठवडे कर्णिकेतून अवेळी ठोके येत राहतात. ते लागोपाठ आले की ‘पॉसिबल एट्रियल फिब्रिलेशन’ असा शेरा उमटतो आणि घरात धावपळ सुरू होते. शिवाय हृदयाभोवतालच्या काही नसांनाही ॲब्लेशनची झळ लागते, म्हणून विश्रांतीतले ठोके आधीपेक्षा १० ते १५ ने वाढलेले असू शकतात आणि महिनोन्‌महिने तसेच राहतात. पूर्वी ७५ असणाऱ्याला आता ९० दिसले तर तेवढ्यावरून घाबरण्याचं कारण नाही. जिना चढून आल्या आल्या मोजलं तर ‘टॅकिकार्डिया’ येणारच. एक साधी खूण लक्षात ठेवावी: साधी वाढलेली लय श्वासाबरोबर, बसल्या-उठल्याबरोबर हलते आणि विश्रांतीत हळूहळू उतरते. तासभर शांत पडूनही आकडा एकाच जागी खिळलेला असेल, तर शेरा काहीही असो, रेघ डॉक्टरांना पाठवावी.

आता रेघ घ्यायची कशी. अर्ध्याअधिक वाईट रेघा यंत्रामुळे नव्हे, धरण्यामुळे येतात. खुर्चीत टेकून बसा, पाय जमिनीवर, कोपर मांडीवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकलेले. डाव्या हाताचं बोट डाव्या पत्र्यावर, उजव्याचं उजव्यावर. पट्टी उलटी धरली तर लीड एकमध्ये सगळंच डोक्यावर उभं दिसतं. पत्रे घट्ट आवळू नका, आवळलं की स्नायूंची थरथर रेघेत उतरते आणि ती फिब्रिलेशनसारखी भासते. कोरडी बोटं ओल्या फडक्याने पुसून घ्या. तेल, मलम काहीही नको. फोन चार्जिंगला लावलेला नको आणि ॲपमध्ये वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झ ठेवा. ती ६० वर राहिली तर रेघेवर बारीक दाते उमटू शकतात.

पायाचा पत्रा उघड्या त्वचेलाच टेकवायचा: डावा गुडघा किंवा डावा घोटा. लुंगी, गाऊन, बर्म्युडा असेल तर गुडघा सोपा. सलवार किंवा पँट गुडघ्यापर्यंत चढत नाही, मग घोटा, आणि घोट्यासाठी डावा पाय उजव्या गुडघ्यावर आडवा टाकायचा असं चित्र सगळीकडे दाखवतात. पहिला आठवडाभर ते करू नये. कॅथेटर जांघेतल्या शिरेतून गेलेला असतो, बहुधा उजवीकडून, कधी दोन्हीकडून, आणि तिथे ताण देणं किंवा पुढे वाकून दाबणं बरोबर नाही. तेवढे दिवस ॲपमध्ये एक लीडचा पर्याय निवडून फक्त बोटांवर काम भागवावं. याच कारणाने उकिडवं बसणं, पाण्याने भरलेली बादली किंवा सिलिंडर उचलणं हेही डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद.

दिवसातून किती वेळा? सकाळी उठल्यावर एकदा, संध्याकाळी एकदा, आणि त्रास जाणवेल तेव्हा. दिवसाला वीस रेघा काढणाऱ्यांना वीस रेघांची काळजी मिळते, माहिती वाढत नाही. त्रास झाला तर रेघेसोबत टीप लिहा: वेळ, काय करत होता, किती वेळ टिकलं. पाठवताना स्क्रीनशॉट नको, ॲपमधली पीडीएफ व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जोडा. फोटो म्हणून गेला की बारीक लाटा पुसल्या जातात आणि डॉक्टरांना हव्या असतात नेमक्या त्याच.

सुरुवातीच्या काळात फिब्रिलेशन आलं म्हणजे ॲब्लेशन फसलं असं धरत नाहीत. हा ब्लँकिंग पिरियड. तो पूर्वी तीन महिन्यांचा मानत, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-सहमतीने ८ आठवड्यांवर आणला. त्यानंतर ३० सेकंद किंवा जास्त टिकलेली बिघडलेली लय ही आजाराची पुनरावृत्ती मोजली जाते. पट्टीची रेघही ३० सेकंदांचीच. हा योग सोयीचा असला, तरी झोपेत येऊन गेलेलं हे यंत्र कधीच पकडणार नाही. त्यासाठी होल्टर (अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी नोंदणारं यंत्र) किंवा अंगाला चिकटवायचा पॅच लागतोच.

घरात ॲपल वॉच असेल तर पट्टी घ्यावी का? घड्याळाची ‘अनियमित लय’ सूचना निदान आधीच झालेल्यांसाठी नाही, हे कंपनी स्वतः सांगते. अशांसाठी ‘एफिब हिस्टरी’ वेगळी चालू करावी लागते. तिच्यातून किती वेळ फिब्रिलेशन होतं याचा आठवड्याचा अंदाज मिळतो आणि तो उपयोगीही आहे. पण फ्लटरचा संशय असेल तर पट्टीच हवी.

‘नॉर्मल’ शेरा आला म्हणून रक्त पातळ करणारी गोळी बंद करायची नाही. ॲब्लेशननंतर निदान दोन-तीन महिने ती चालूच असते आणि पुढचा निर्णय पक्षाघाताच्या जोखमीवर ठरतो, रेघेवर नाही. जाता जाता: ही गोळी रिव्हारोक्साबॅन १५ किंवा २० मिलिग्रॅमची असेल तर जेवणासोबतच घ्यायची, उपाशीपोटी ती पुरेशी शोषली जात नाही. एकादशी-चतुर्थी धरणाऱ्यांनी डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं.

काही वेळा पट्टी हातात घेण्यात वेळच घालवू नये. जांघेतून रक्त येऊ लागलं तर आडवं होऊन जागा घट्ट दाबून धरायची आणि १०८ लावायचा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, छातीत जड दुखणं यांतही १०८ लावायचा. हार्ट ॲटॅक या यंत्राला कळत नाही. आणि पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत कळ असं एकत्र आलं तर ॲब्लेशन केलेल्या केंद्रालाच गाठायचं. अन्ननलिका आणि कर्णिका यांच्यात छिद्र पडण्याचा हा क्वचितचा पण जीवघेणा प्रकार असू शकतो. त्यात दुर्बीण घालून तपासणी करणं धोक्याचं, सीटी स्कॅन करतात. दुसऱ्या कोणत्या दवाखान्यात जावं लागलं तर ‘ॲब्लेशन झालं आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावं.

पट्टीला सेल सीआर-२०१६ लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानात हमखास मिळतो तो सीआर-२०३२, आणि तो दुप्पट जाड असल्याने बसत नाही. दोन सेल आणून पट्टीच्याच डबीत ठेवावेत.