मोठं अर्पण की साधं आज्ञापालन?

इंदूरला राजवाड्याजवळ आमचं कापडाचं छोटं दुकान आहे. परवा एका आजींकडून हिशेबात 200 रुपये जास्त घेतले गेले. रात्री गल्ला मोजताना कळलं. आता रविवारी ते चर्चमध्ये अर्पणाच्या थैलीत टाकायचे, की आजींचं घर शोधायचं?

पहिली वाट सोपी, वर देवभक्तीचीही दिसते. बायबलमधल्या इस्राएलच्या शौल राजाने तीच धरली. शत्रू अमालेक्यांचं काहीही राखू नकोस, अशी देवाची आज्ञा होती; त्याने त्यांची धष्टपुष्ट मेंढरं राखली आणि म्हणाला, यज्ञासाठी आणलीत! यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, असं शमुवेल संदेष्ट्याने त्याला तोंडावर सुनावलं (1 शमुवेल 15).

दुसऱ्या वाटेवर मान खाली घालून चूक कबूल करावी लागते. मला तीच देवाची वाटते. छत्रीबागेत तीन दारं ठोठावली. आजींनी नोटा पदराच्या गाठीत बांधल्या आणि पाणी विचारलं.