ओकोनोमियाकी खायची तर ओसाकात की हिरोशिमात?

जपानला पहिल्यांदा जाणाऱ्यांचं तोक्यो, क्योतो, ओसाका हे ठरलेलं असतं. हिरोशिमाला जायचं की नाही, यावर मात्र घरात चर्चा होते. खाण्यापुरतं बोलायचं तर ही चर्चा एका पदार्थावर येऊन थांबते. ओकोनोमियाकी दोन्ही शहरं आपलीच मानतात. नाव तेच, साहित्यही बरंचसं तेच: कोबी, गव्हाचं पीठ, अंडं, डुकराच्या मांसाचे पातळ काप आणि वरून आंबटगोड दाट सॉस. पण तव्यावर जे घडतं ते इतकं वेगळं असतं, की एक खाल्ली म्हणून दुसरीची चव कळली असं होत नाही. म्हणूनच निवड करायची असेल तर आधी दोन्ही कशा बनतात ते बघू.

ओसाकात सगळं एकत्र कालवतात. बारीक चिरलेला कोबी, पीठ, अंडं, टेम्पुरा (जपानी भजी) तळताना उरलेला चुरा, लाल रंगाचं खारवलेलं आलं, आणि किसलेला नागाइमो. नागाइमो हा आपल्या कोनफळाच्या कुळातला बुळबुळीत कंद. त्याच्यामुळेच ही जाड पोळी आतून मऊ आणि हलकी राहते. पीठ भिजवताना बहुधा साधं पाणी नसतं, मासा किंवा समुद्री शेवाळ उकळून काढलेलं 'दाशी' असतं. मिश्रण तव्यावर साधारण दोन सेंटिमीटर जाडीचं पसरायचं, मांसाचे काप वर लावायचे आणि उलटायचं. ओसाकावाले एक गोष्ट कळकळीनं सांगतात: उलथन्यानं दाबू नका. थालीपीठ थापायची सवय असलेला आपला हात नेमका तिथेच जातो, आणि आतली हवा निघून गेली की पोळी गच्च होते. शेवटी सॉस, मेयोनेज, हिरव्या शेवाळाची पूड आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून टणक केलेल्या माशाचे कागदासारखे पातळ काप. वाफ लागली की ते काप हलायला लागतात आणि मुलं बघतच राहतात.

हिरोशिमात काहीही कालवत नाहीत, थर रचतात. आधी घावनासारखं पातळ धिरडं. त्यावर माशाची थोडी पूड, मग कोबीचा ढीग. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की एवढा कोबी एका माणसाला संपणार नाही. त्यावर कडधान्याचे लांब पांढरे मोड, तळणाचा चुरा आणि मांसाचे काप. मग दोन्ही हातांत दोन उलथनी घेऊन आख्खा डोंगर एका झटक्यात उलटा. आता धिरडं झाकणासारखं वर येतं, खाली मांस भाजतं आणि मधला कोबी स्वतःच्याच वाफेवर शिजून गोड होतो. शेजारी नूडल्स परततात, ढीग उचलून त्यांच्यावर ठेवतात. मग तव्यावर अंडं फोडून गोल पसरायचं, सगळं त्यावर ठेवायचं आणि पुन्हा उलटायचं. इथं मात्र दाबतात. माझ्या मते हा स्वयंपाक ओसाकापेक्षा वरचढ आहे, कारण तिथं सगळ्याची मिळून एक चव होते आणि इथं प्रत्येक थर वेगळा लागतो: नूडल्स कडेला कुरकुरीत, कोबी रसदार, अंडं मऊ.

ओसाकात नूडल्स घातलेली 'मोदानयाकी' मिळते. ती हिरोशिमाचीच म्हणून खाऊन एका शहराची खेप वाचवण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्या; तीही ओसाकाच्या पद्धतीनं कालवलेलीच असते. आणि हिरोशिमात गेल्यावर 'हिरोशिमायाकी' असा शब्द वापरू नका. तिथल्या लोकांसाठी ती नुसती ओकोनोमियाकी आहे.

हिरोशिमाच्या बाजूनं बोलायला आणखी एक कारण आहे. युद्धापूर्वी जपानमध्ये 'इस्सेन योशोकु', म्हणजे एका सेनचं विलायती खाणं मिळायचं. सेन हा येनचा शंभरावा भाग. पातळ धिरड्यावर कांद्याची पात आणि सॉस घालून ते दुमडून पोरांच्या हातात द्यायचे. 6 ऑगस्ट 1945 ला अणुबॉम्बनं शहर उद्ध्वस्त झालं. तांदूळ मिळत नव्हता, पण मदत म्हणून आलेलं अमेरिकेचं गव्हाचं पीठ होतं. मुलांच्या त्या खाऊत पोट भरावं म्हणून कोबी वाढला, पुढे नूडल्स आल्या. नवरा गमावलेल्या कितीतरी बायकांनी घराच्या पुढच्या खोलीत तवा मांडला. जुन्या दुकानांच्या नावांत 'चान' हा माणसाच्या नावाला लागणारा लाडाचा प्रत्यय इतका का दिसतो, याचं कारण तिथले लोक हेच सांगतात. सॉससुद्धा इथलाच. पातळ सॉस धिरड्यावरून ओघळून तव्यावर जायचा, म्हणून ओताफुकु या स्थानिक कंपनीनं दाट सॉस बनवला आणि 1952 मध्ये तो बाजारात आणला. त्याच्या गोडव्यात खजुराचा वाटा आहे. शांतता स्मारक संग्रहालयातून जड मनानं बाहेर पडल्यावर अशा एखाद्या तव्यासमोर बसलात, तर समोरच्या ताटाचा इतिहास तुम्हाला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

आता व्यवहाराचं. दोन्हीकडे एका माणसाचं साधारण हजार-दीड हजार येनात भागतं, त्यामुळे पैशावरून ठरवू नका. शिन-ओसाका स्टेशनहून हिरोशिमा शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, दीड तासावर आहे. सकाळी जाऊन रात्री परतता येतं, पण हिरोशिमाजवळचं मियाजिमा बेटही बघायचं असेल तर तिथं एक रात्र राहा.

लहान मुलं किंवा पाच-सहा जणांचा घोळका असेल तर ओसाका. तिथल्या बऱ्याच दुकानांत टेबलातच तवा असतो, एकेक प्रकार मागवून सगळ्यांना वाटून खाता येतो, काही ठिकाणी स्वतः भाजताही येतं. भात आणि मिसो सूपबरोबर ओकोनोमियाकीचं ताटही मिळतं. वडा पावात घालून खाणाऱ्या आपल्याला यात वावगं वाटू नये. एकटे किंवा दोघंच असाल तर हिरोशिमाचा तव्यालगतचा काउंटर. शिंतेन्चीतल्या ओकोनोमिमुरा या एकाच इमारतीत वीसहून जास्त दुकानं आहेत.

शाकाहारी मंडळींसाठी उत्तर थोडं अनपेक्षित आहे. अंडं चालत असेल तर हिरोशिमा सोपं. ओसाकाच्या पिठात दाशी आधीच मिसळलेलं असतं, ते काढता येत नाही. हिरोशिमात थर तुमच्या डोळ्यांदेखत चढतात, म्हणून 'निकु नाशी दे' (मांस नको) आणि 'कात्सुओबुशी नाशी दे' असं सुरुवातीलाच सांगता येतं. माशाची पूडही तेव्हाच नको म्हणा. पण सॉसमध्ये सहसा मांसाचा किंवा कालवांचा अर्क असतो आणि तवा सगळ्यांचा एकच असतो. हे चालणार नसेल तर खास शाकाहारी दुकान आधी शोधून ठेवा, आयत्या वेळी दारात उभं राहून जमणार नाही. मासेखाऊंनी हिवाळ्यात हिरोशिमाला जावं आणि वर कालवं घालून घ्यावीत. जपानची निम्म्याहून जास्त कालवं याच प्रांतातून येतात.

एकच जेवण हाताशी असेल, तर माझं मत हिरोशिमाला. काउंटरवर बसल्यावर ताटली मागितली तर मिळते, पण मागू नका. 'हेरा' हे छोटं उलथनं घ्या आणि तव्यावरूनच एकेक घास कापून खा. तवा तापलेलाच असतो, त्यामुळे खाली नूडल्स भाजत राहतात आणि शेवटचे दोन घास सगळ्यांत कुरकुरीत होतात.