बर्डीवरची आलेख वही: चढाच्या गणितांना किती कामाची?

दहावीच्या भूमितीत निर्देशक भूमितीचा पाठ सुरू झाला की नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) स्टेशनरीच्या दुकानांत आलेख वह्यांचे गठ्ठे दिसू लागतात. त्यांतलीच ही बिननावाची, ४० पानी, हिरव्या जाळीची. जाळी १८ गुणिले २४ सेंटिमीटर, दर मिलिमीटरला बारीक रेघ, सेंटिमीटरला जाड.

एक बिंदू आणि चढ (रेषेचा तिरपेपणा) दिला की रेषेवरचे बाकीचे बिंदू काढायचे, हे हिचं खरं काम. बिंदू (−२, ५) आणि चढ −३/४ घ्या. छेद ही आडवी चाल, अंश ही उभी. वजा अंशाला द्यायचा: ४ घरं (सेंटिमीटरची) उजवीकडे, ३ खाली, आला (२, २). पुन्हा तेवढंच, (६, −१). मागे जायचं तर ४ डावीकडे, ३ वर, (−६, ८). पोरं हमखास चुकतात ती इथे: वजा दोघांनाही लावून ४ डावीकडे, ३ खाली जातात आणि (−६, २) वर पोचतात. उतरती रेषा चढायला लागते! पुढचा (१०, −४) मात्र पानात मावत नाही. आरंभबिंदू (०, ०) मधोमध घेतला तर उजवीकडे ९ सेंटिमीटरच उरतात. तो थोडा डावीकडे सरकवा.

मिलिमीटरच्या रेघांचे पैसे वसूल होतात ते ७/२० सारख्या चढाला. २० घरं कुठून आणणार? २ सेंटिमीटर उजवीकडे, ७ मिलिमीटर वर; चढ तोच. पण एवढ्या जवळच्या दोन बिंदूंवर पट्टी ठेवू नका. त्यांतला एक अर्धा मिलिमीटर हलला, तर दुसऱ्यापासून २० सेंटिमीटरवर रेषा ५ मिलिमीटर भरकटते. तीच चाल चार-पाचदा करा, टोकाचे बिंदू जोडा, मधले तपासणीला ठेवा.

खोट छपाईत आहे. आडवे १० सेंटिमीटर पट्टीने ९.९ भरतात, उभे बरोबर. घरं मोजून चाललात तर काही बिघडत नाही, पट्टीने अंतर घेतलंत तर बिंदू जाळीवर बसणार नाही. हिरवा रंगही गडद. एचबी पेन्सिलचा बारीक ठिपका त्यात हरवतो, म्हणून बिंदूभोवती छोटं वर्तुळ काढावं. आणि मे महिन्यात वही कूलरसमोर उघडी ठेवू नका: दमट हवेने कागद फुगतो, पानाला लाट येते, पट्टी सपाट बसत नाही.

चढ ० असेल किंवा रेषा उभी असेल तर या वहीची गरजच नाही, साधी चौकटीची वही पुरते. बाकी सरावाला ही चालेल. दुकानात दोन-तीन वह्यांना पट्टी लावून बघा आणि फिकट जाळीची मिळाली तर तीच उचला.