सॅप प्रथिन मागवताना: हिस-टॅग घ्यावा की जीएसटी?

सॅप, म्हणजे एसएच२डी१ए, हे १२८ अमिनो आम्लांचं छोटं जोडप्रथिन. टी आणि एनके या रोगप्रतिकारक पेशींच्या आत स्लॅम कुटुंबातल्या रिसेप्टरांच्या शेपटीला ते एका बाजूने धरतं आणि दुसऱ्या बाजूने फिन हे कायनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं विकर) तिथे आणून ठेवतं. त्याच्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांना एप्स्टाइन-बार विषाणूचा संसर्ग जिवावर बेततो.

ते पेशीच्या आतलं असल्यामुळे त्यावर साखरेच्या साखळ्या नसतात. ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं पुरतं, महागड्या मानवी पेशीतल्या मालाची गरज नाही. खरी निवड टॅगची आहे, म्हणजे प्रथिन पकडता यावं म्हणून त्याला जोडलेल्या तुकड्याची. हिस-टॅग ही निकेलला चिकटणाऱ्या हिस्टिडिन अमिनो आम्लांची छोटी ओळ, तर जीएसटी (ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज) हे सोबत जोडलेलं अख्खं प्रथिन.

हिस-टॅगसह वजन साधारण १६ किलोडाल्टन, जीएसटीसह ४०. किंमत पाहताना बहुतेकांची चूक इथेच होते. १० मायक्रोग्रॅम हिस-सॅपमध्ये सुमारे ६२५ पिकोमोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) रेणू येतात, जीएसटी-सॅपमध्ये जेमतेम २५०. म्हणून दोन्हींचे भाव मायक्रोग्रॅमवर ताडू नका, पिकोमोलवर ताडा.

पेशी फोडून मिळालेल्या द्रवातून, म्हणजे लायसेटमधून, सॅपला चिकटणारी प्रथिनं ओढून काढायची असतील तर जीएसटी घ्या. निकेलच्या बीड्सना लायसेटमधली हिस्टिडिनबहुल प्रथिनं चिकटतात आणि प्रथिनं पट्ट्यांत वेगळी दाखवणारं जेल गढूळ दिसतं. शिवाय प्रोटिएज-रोधकाच्या गोळीत ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) असेल तर तो निकेलच काढून टाकतो. जीएसटी घेतल्यावर नुसत्या जीएसटीची नळी नियंत्रण म्हणून समांतर चालवावीच लागते. ती नसेल तर जेलवरची पट्टी सॅपमुळे आली की टॅगमुळे, हे ठरवता येत नाही.

बंधनाची ताकद मोजायची असेल तर मात्र हिस-टॅग. जीएसटी स्वतः जोडीने राहतो, त्यामुळे दोन सॅप एकदम पृष्ठभागावरच्या पेप्टाइडला धरतात आणि ताकद खऱ्यापेक्षा जास्त भासते. आकडा देखणा येतो, पण चुकीचा असतो. बंधन मोजणाऱ्या उपकरणाच्या चिपवर प्रथिन अमाइन गटांतून जोडणार असाल तर बीएसए (भर म्हणून घातलेलं गाईच्या रक्तातलं प्रथिन) आणि ट्रिस (एक बफर) नसलेला माल मागा, कारण त्यांचे अमाइन गटही चिपला जोडले जातात.

दोन्हींपैकी कुठलंही प्रथिन जिवंत पेशींवर नुसतं ओतून उपयोग नाही. ते आत शिरत नाही. परिणाम दिसलाच तर आधी ई. कोलायच्या एंडोटॉक्सिनवर, म्हणजे जिवाणूच्या आवरणातून मालात आलेल्या विषावर, संशय घ्या.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून उन्हाळ्यात द्रवरूपापेक्षा भुकटी बरी. पार्सल सोमवारी निघेल असं सांगा, म्हणजे ते रविवारी गोदामात अडकत नाही. कुपी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूज करून उघडा. थंड कुपीत ओल शिरते, आणि भुकटी झाकणाला चिकटलेली असेल तर निम्मा माल तिथेच जातो. पाणी घालून १० मिनिटं ठेवा, व्हॉर्टेक्स यंत्रावर जोराने हलवू नका. १०-१० मायक्रोलिटरच्या नळ्या करून उणे ८० ला ठेवा. तशी सोय नसेल आणि वीज जात असेल तर ५० टक्के ग्लिसरॉल घालून उणे २० ला ठेवा, त्यात ते गोठत नाही. फक्त चिपवर नेण्याआधी ग्लिसरॉल काढून टाका.