खाली ॲक्रिलिक, वर ऑइल: रानगवा रंगवतानाचा काही महिन्यांचा अनुभव

एकाच चित्रात खालचे थर ॲक्रिलिकचे (पाण्यात मिसळणारा, झटपट वाळणारा रंग) आणि वरचे ऑइलचे (तेलात घोटलेला, हळू वाळणारा रंग), ही पद्धत कशी वाटते असं विचारलं की उत्तरं बहुधा दोन टोकांची मिळतात. एक तर ‘सरळ ऑइलच करा’, नाही तर ‘आता ऑइल हवंच कशाला’. मी गेल्या उन्हाळ्यापासून ही पद्धत एकाच विषयावर वापरते आहे, तो म्हणजे दाजीपूरचा रानगवा. एक मोठा कॅनव्हास, त्याच्या जोडीला लहान अभ्यासचित्रं आणि निव्वळ चाचणीसाठी रंगवलेले प्लायचे तुकडे. मधे कोल्हापूरचा अख्खा पावसाळा गेला, त्यामुळे रंगांची परीक्षा सोप्या हवेत झालेली नाही. माझं मत आधीच सांगते. गडद आणि आखूड केसांच्या जनावरासाठी ही पद्धत फार चांगली आहे, पण त्यासाठी एक वाटणी पाळावी लागते: हाडं आणि स्नायू ॲक्रिलिकचे, कातडी ऑइलची. ही वाटणी मोडली की दोन्ही रंगांचे तोटे तेवढे पदरात पडतात.

गवाच का, तर तो आमच्या जिल्ह्याचा प्राणी आहे आणि रंगवायला अतिशय अवघड आहे. दाजीपूर ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य 1958 सालचं, सुरुवातीपासून गव्यांसाठीच ओळखलं जाणारं. क्षेत्र सुमारे 351 चौरस किलोमीटर. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याचंही नाव लागलं. मोठा बैल खांद्यापाशी साडेपाच-सहा फूट उंच आणि वजनाने हजार किलोच्या घरात जाऊ शकतो. वाघ-बिबट्याच्या चित्रात पट्टे आणि ठिपके चित्रकाराला बराच आधार देतात, बघणाऱ्याची नजर तिथेच रमते. गव्याच्या अंगावर असं काहीच नाही. एक प्रचंड गडद आकार आणि खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. त्या गडद आकारात वजन, हाडं आणि ऊन दिसलं नाही, तर कॅनव्हासवर नुसता काळा डाग उरतो.

जंगलात सोबत असलेल्या गाईडने पहिल्याच सकाळी जे सांगितलं ते मला चित्रकलेच्या वर्गातल्या कुठल्याही धड्याइतकं उपयोगी पडलं. ‘ताई, डोस्कं नगा बघू, पाठ बघा. पाठीवरनंच कळतंय बैल हाय का गाय.’ गव्याला आपल्या खिलारासारखं वशिंड नसतं. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत एक उंच कणा चालत येतो आणि तिथून पाठ एकदम खाली उतरते. मणक्यांवरचे उभे काटे लांब असल्यामुळे हा आकार तयार होतो. ही पायरी जिथे यायला हवी तिथे आली नाही, तर पुढे कितीही केस काढा, चित्रात म्हैस उभी राहते. कपाळावर शिंगांच्या मधोमध फुगीर उंचवटा, गळ्याखाली लोंबणारी पोळी आणि बुंध्याशी पिवळट-हिरवट, टोकाला काळी अशी शिंगं, या खुणा त्यानंतरच्या.

फोटोवरून काम करणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबते. काळ्या जनावरावर कॅमेरा धरला की तो बहुतेक वेळा एक तर काळ्याला करडा करतो, नाही तर सावलीतला सगळा तपशील गिळून टाकतो. म्हणून फोटो आकारासाठी ठेवा, उजेड-सावलीच्या नोंदी मात्र जागेवर पेन्सिलने करा. पोटाखालचा भाग पाठीपेक्षा उजळ आहे का, मानेची कडा मागच्या झाडीपेक्षा गडद आहे का, एवढ्या साध्या नोंदीही पुरतात. जंगलात गवा आपल्यासाठी थांबत नाही आणि त्याच्या जवळ जायचंही नसतं. निवांत रेखाटनं करायची असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या निसर्गविज्ञान दालनात गव्याचा देखावा आहे. पेंढा भरलेल्या जनावरात जिवंतपणा नसतो हे खरं, पण पायांची ठेवण आणि शिंगांची वळणं मनासारखा वेळ घेऊन बघता येतात.

आता साहित्य. कॅनव्हास बाजारात तयार मिळतो तो आधीच प्राइम केलेला, म्हणजे रंग धरण्यासाठी लेप दिलेला असतो. तरी मी त्यावर गेसोचे (पांढऱ्या अस्तराच्या लेपाचे) आणखी दोन-तीन पातळ हात मारते, प्रत्येक हात आडवा-उभा बदलून, आणि वाळल्यावर बारीक सँडपेपर फिरवते. एका स्वस्त कॅनव्हासवर हे न करता अभ्यासचित्र केलं होतं. त्याने ऑइल इतकं शोषलं की रंग खडूसारखा कोरडा दिसायला लागला. प्लाय किंवा एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबून केलेला फळा) वापरणार असाल तर मागची बाजू आणि कडाही बंद करा, नाही तर दमट हवेत तो फुगतो आणि वाकतो. कडक पृष्ठभाग या पद्धतीला कॅनव्हासपेक्षा जास्त मानवतो, कारण ॲक्रिलिक वाळल्यावरही लवचिक राहतं आणि ऑइल वर्षागणिक कडक होत जातं. मोठ्या आकाराला मात्र वजनामुळे कॅनव्हासच परवडतो.

ॲक्रिलिकच्या टप्प्यात सगळ्यात मोठा फायदा वेगाचा. कच्च्या सिएनाचा (पिवळट तपकिरी रंगाचा) पातळ हात देऊन पांढरा कॅनव्हास उबदार करायचा, चौकटी आखून रेखाटन उतरवायचं आणि मग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) एवढ्या दोनच रंगांत अख्खा गवा उभा करायचा. पाठीची रेघ पटली नाही तर त्याच दुपारी वरून रंगवून हलवता येते. ऑइलमध्ये हाच बदल करायला खरवडावं लागतं किंवा आठवडा थांबावं लागतं. मागचा सडा (डोंगरमाथ्याचं खडकाळ पठार), जांभ्या दगडाचे लालसर थर, दिवाळीच्या सुमाराचं सोनेरी गवत आणि दूरची झाडी हे सगळं मी ॲक्रिलिकमध्येच जवळजवळ पूर्ण करते. पार्श्वभूमी कोरडी आणि थोडी मॅट राहिली की तेलाचा झळाळ फक्त जनावराच्या अंगावर येतो आणि ते आपोआप पुढे सरकतं. हा परिणाम मला इतर कुठल्याही पद्धतीत इतक्या सहज मिळालेला नाही.

एक गोष्ट सुरुवातीला सगळ्यांनाच चकवते. ॲक्रिलिक ओलं असताना त्यातला बाइंडर (रंगकण धरून ठेवणारा घटक) दुधी असतो आणि वाळताना पारदर्शक होतो, म्हणून रंग वाळल्यावर गडद दिसतो. गव्यासारख्या आधीच गडद विषयात हा फरक महागात पडतो. उपाय असा की खालचा थर जाणूनबुजून दोन पायऱ्या उजळ ठेवायचा. शेवटचा गडदपणा ऑइलच्या ग्लेझने, म्हणजे पातळ पारदर्शक थराने, आणायचाच आहे, मग तो खाली खर्च कशाला करायचा? माझ्या मोठ्या चित्रात ॲक्रिलिक संपलं तेव्हा गवा चक्क तपकिरी, उन्हाने विटलेला दिसत होता, आणि तेच हवं होतं.

त्यानंतर थांबायचं. हाताला कोरडं लागणं वेगळं आणि आतलं पाणी पूर्ण उडणं वेगळं. कोरड्या हवेत पातळ थराला मी दोन-तीन दिवस देते, पावसाळ्यात आठवडा आणि जाड रंगाला त्याहूनही जास्त. क्रम उलटा चालत नाही: ॲक्रिलिकवर ऑइल बसतं, ऑइलवर ॲक्रिलिक टिकत नाही. त्यामुळे एकदा तेल लागलं की त्या भागात पाण्याचा ब्रश परत न्यायचा नाही, एका गवताच्या पात्यासाठीसुद्धा नाही.

चिकटण्याबद्दल नुसत्या ऐकीव गोष्टींवर न जाता मी चाचणी केली. काही तुकड्यांवर मॅट, पातळ ॲक्रिलिकवर ऑइल लावलं आणि काहींवर ग्लॉस मीडियम (चकाकी आणणारं मिश्रण) मिसळलेल्या जाड, गुळगुळीत ॲक्रिलिकवर. काही महिने वाळल्यावर ब्लेडने बारीक चौकड्या कापून त्यावर चिकटपट्टी दाबून ओढली. मॅट थरावरचं ऑइल जागचं हललं नाही. गुळगुळीत थरावर मात्र चौकड्यांच्या कडा उचलल्या गेल्या, शिवाय लावतानाच पातळ ग्लेझ थेंबांसारखी गोळा होत होती. तेव्हा ज्या भागावर ऑइल येणार आहे तिथे ॲक्रिलिकमध्ये ग्लॉस मीडियम घालू नका, ब्रशचे जाड उंचवटे ठेवू नका आणि शंका असेल तर सँडपेपरचा अगदी हलका हात फिरवा.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या काळ्या अंगाकडे. माझ्या पॅलेटवर तयार काळा रंग नसतो. आयव्हरी ब्लॅक ऑइलमध्ये हळू वाळतो आणि एवढ्या मोठ्या भागावर तो जड, निर्जीव दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) मिसळून येणारा गडद रंग आतून उजेड सोडतो आणि प्रमाण बदलून थंड किंवा उबदार करता येतो. गव्याचं अंग उघड्यावर नीट बघा. पाठीच्या वरच्या उतारावर आभाळ पडलेलं असतं, तिथे काळा निळसर-करडा होतो. बरगड्यांच्या बाजूला तो गरम तपकिरी. पोटाखाली आणि मांडीच्या आत जमिनीचा उजेड वर येतो, आणि आमच्याकडे जमीन जांभ्याची असल्यामुळे तो उजेड लालसर असतो. ही तीन तापमानं जागेवर बसली की वजन आपोआप येतं.

ग्लेझसाठी मी लिक्विन वापरते. ते अल्किड, म्हणजे लवकर वाळणाऱ्या राळेचं मीडियम असल्यामुळे पातळ थर एक ते काही दिवसांत वाळतो, जवसाच्या तेलाइतका रेंगाळत नाही. ॲक्रिलिकच्या उजळ तपकिरी स्नायूंवर ही पारदर्शक गडद ग्लेझ ओढली की खालचं ऊन तसंच राहतं आणि वर कातडी चढते. मग ओल्या ग्लेझमध्येच खांद्याच्या उंचवट्यावर थोडा अपारदर्शक करडा रंग घालून कोरड्या मऊ ब्रशने कडा विरवायची. हे विरवणं म्हणजे ऑइलची खरी ताकद. रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घालूनही ॲक्रिलिकमध्ये एवढ्या मोठ्या गडद भागावर मला ते साधलेलं नाही. ब्रश परत वळेपर्यंत रंग धरायला लागतो आणि पट्टे उमटतात.

केसांबद्दल माझं मत जरा कडक आहे. बैलाचे केस आखूड आणि अंगासरशी असतात. दहा फुटांवरून ते दिसत नाहीत, दिसते ती त्यांची तकाकी. म्हणून एकेक केस काढत बसण्याऐवजी तकाकीच्या कडेलाच चार-दोन ठिकाणी, केसांच्या दिशेने, फुटलेल्या जुन्या ब्रशने ओरखडे द्यावेत. कपाळ, कानांच्या कडा आणि शेपटीचा गोंडा इथे मात्र बारीक रिगर (लांब केसांचा निमुळता ब्रश) हवाच. सगळीकडे सारखा तपशील भरलेली गव्यांची चित्रं मी पाहते तेव्हा कष्टांचं कौतुक वाटतं, पण जनावर हलेल असं वाटत नाही.

पायांचे मोजे शुद्ध पांढऱ्याने रंगवू नका. ते मळकट, पिवळसर असतात आणि गवतात त्यांच्यावर हिरवी-सोनेरी छटा चढते. टायटॅनियम व्हाइटमध्ये यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित रॉ अंबर (मातकट तपकिरी) पुरतं. ऑइलमध्ये झिंक व्हाइट मी पूर्ण टाळते, कारण त्याचा थर काळाबरोबर ठिसूळ होतो आणि खाली लवचिक ॲक्रिलिक असताना तो धोका घेण्यात अर्थ नाही. डोळा तपकिरी, पण वरच्या भागात आभाळाची निळी झाक येते. ती एका ठिपक्यात ठेवली की पुरते.

पावसाळ्याने दोन त्रास दिले. ऑइल वाळणं लांबलं, विशेषतः पांढऱ्याचं. अंबर मात्र त्यातल्या मँगनीजमुळे तेव्हाही लवकर वाळत होता. आणि कॅनव्हासच्या मागे बुरशीचे बारीक ठिपके आले. भिंतीपासून चार बोटं अंतर आणि दिवसातून काही तास पंखा, यावर ते थांबलं. अंबरचे भाग वाळल्यावर निस्तेज पडतात, हे जुनंच दुखणं. तिथे जवसाच्या तेलात थोडं टर्पेंटाइन मिसळून अगदी पातळ चोळायचं, जास्तीचं कापडाने टिपून घ्यायचं, की रंग परत खुलतो.

घरात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि ढिगातल्या चिंध्या स्वतःहून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. ॲक्रिलिक आणि ऑइलचे ब्रशही वेगळे ठेवा, कारण तेलाचा अंश राहिलेला ब्रश पुढच्या चित्राच्या ॲक्रिलिक थरात गेला तर तो थर तिथे धरत नाही. खर्चाच्या बाबतीत गवा दयाळू आहे. लागणारे बहुतेक रंग मातीचे, आणि रंगांच्या किमतीच्या यादीत तेच सगळ्यात खाली असतात. ॲक्रिलिकसाठी मी कॅमलिनच वापरते, अल्ट्रामरीन आणि टायटॅनियम व्हाइट ऑइलमध्ये तेवढे जरा वरच्या दर्जाचे घेते.

कोल्हापुरात राहून ऑइलबद्दल लिहिताना इथले जुने चित्रकार आबालाल रहिमान आठवतातच. कोटितीर्थ तलावाच्या काठावर रोज बदलणारा उजेड त्यांनी ज्या निष्ठेने पाहिला, त्या निष्ठेचा थोडा भाग जरी आपण एका जनावराच्या पाठीवर लावला तरी रंग कुठल्या ट्यूबमधला हा प्रश्न मागे पडतो. लांब केसांचं जनावर, उदाहरणार्थ अस्वल, करायचं असेल तर मी पूर्ण ॲक्रिलिक सुचवेन, तिथे थरांवर थर पटापट चढवता येतात. घरात तेलाचा वास चालत नसेल, किंवा चित्र महिन्याभरात द्यायचं असेल, तरीही हीच सूचना. गवा, सांबर, हत्ती यांच्यासाठी मात्र मी मिश्र पद्धतीवरच राहणार.

मोठ्या चित्राला अजून शेवटचा व्हार्निश दिलेला नाही. पातळ ऑइललाही मी किमान सहा महिने देते, मधल्या काळात रीटच व्हार्निशचा (तात्पुरत्या पातळ व्हार्निशचा) एक हलका हात पुरतो. तोवर चित्र कपाटात किंवा कापडाखाली ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, त्याला उजेड लागतो. थेट ऊन येणार नाही अशा उजेडाच्या भिंतीवर ते टांगून ठेवा.