मैत्री क्लिनिक : पाचपैकी चार तारे, एक खिडकीनं घालवला

धाकटा भाऊ १८ वर्षांचा, टॉवेल कारखान्यात कांड्या भरतो. दोन महिने झाले, जिना चढला की दम लागायचा. ताटातलं अर्धं जेवण तसंच. रात्री दोनला उठून बघावं तर छताकडं बघत पडलेला. दवाखान्याचं नाव काढलं की एकच, "अक्का, खाडा पडतो." खाड्याची गोष्ट खोटी नाही, पण खरं कारण गल्ली होती. आमची आई विड्या करते. कोण कुठल्या दवाखान्यात गेलं, ते माल जमा करायच्या रांगेत दुपारच्या आत सगळ्यांना कळलेलं असतं.

पूर्व भागातल्या आमच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मैत्री क्लिनिक आहे. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. किशोरांच्या आरोग्याचा सरकारी कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे म्हणे, पण आमच्या गल्लीत एकाला माहीत असेल तर शपथ. पाटी आतल्या बाजूला, लसीकरणाच्या खोलीजवळ. माझ्या बाळाला डोस द्यायला गेले नसते तर मलाही दिसली नसती.

आधी तक्रार. केस पेपरच्या खिडकीतल्या माणसानं मोठ्यानं विचारलं, "काय होतंय?" बाकड्यावर आमच्याच गल्लीतल्या दोन मावश्या. भाऊ म्हणाला, "काही नाही, डोकं दुखतंय," आणि सरळ दाराकडं वळला. मी शर्ट धरला म्हणून थांबला. एकटा असता तर गेलाच होता. एक तारा तिथंच गेला.

आत समुपदेशक ताई होत्या. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा."

"मीच आणलंय की ओ त्याला."

"म्हणूनच."

राग आला. याला लहानपणी कडेवर घेऊन फिरले मी, आता मलाच बाहेर काढतात! पंचवीस मिनिटं बसले. मावश्यांनी चौकशी केलीच, "डोकं दुखतंय म्हणं" एवढंच सांगितलं. आत काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. ताईंनी त्याच्यासमोर त्याला विचारलं, "अक्काला काय काय सांगू?" आणि तेवढंच सांगितलं.

रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.८. या वयाच्या मुलाचं १३ तरी पाहिजे म्हणाल्या. मी समजत होते रक्त कमी होणं हे बायकांचंच दुखणं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, रोज, तीन महिने. जेवणानंतर घ्यायची, वर तासभर चहा नाही, लिंबू पिळलं तर चांगलं. संडास काळी होते, घाबरायचं नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितलं ते बरं झालं, नाहीतर दुसऱ्या दिवशीच गोळ्या बंद झाल्या असत्या. खोकलाही दोन आठवड्यांच्या वर होता म्हणून टीबी बघायला थुंकीची डबी दिली. तपासणी फुकट. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. तंबाखूच्या माव्याबद्दल विचारलं की नाही कोण जाणे. पुडी खिशात असते हे मला माहीत आहे, मला माहीत नाही असं त्याला वाटतं.

त्या रविवारी त्याचा शर्ट भिजवताना खिशातून चिठ्ठी निघाली. ताईंचं अक्षर, एकच नंबर : १४४१६. मन मोकळं करायला सरकारचा फोन आहे हा, टेलिमानस, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत. कागद ओला झाला होता. तव्याच्या उबेवर वाळवला आणि त्याच्या दुसऱ्या शर्टात परत ठेवला. विचारलं काही नाही.

अजून एक अडचण : वेळ. ओपीडी सकाळची आणि ताई आठवड्यातून एकच दिवस. कारखान्यातल्या पोरांना ते जमत नाही. संध्याकाळी दोन तास उघडलं तर रांग लागेल. तोवर ताईंचा वार आधी विचारून मगच जा, आम्ही पहिल्यांदा गेलो ते हात हलवत परत आलो.

महिन्यानं तो परत गेला, मला न सांगता, कारखान्यातल्या एका पोराला घेऊन. खिडकीवर काय सांगितलं विचारलं, तर म्हणाला, "'मैत्रीला जायचंय' म्हणालो. पुढं काही विचारलंच नाही त्यानं."

तुम्ही पण तेवढंच म्हणा.