बोटावरचा ऑक्सिमीटर : घरगुती वापरानंतरचा अभिप्राय

एप्रिल २०२१ मध्ये औषधांच्या दुकानासमोर पाऊण तास रांगेत उभे राहून हा ऑक्सिमीटर मी चौदाशे रुपयांना घेतला होता. कंपनीचे नाव देत नाही, कारण अगदी असेच दिसणारे यंत्र बाजारात अनेक नावांनी मिळते.

त्याचे काम असे चालते : लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात, ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, आणि त्यातला नाडीबरोबर कमी-जास्त होणारा भाग तेवढा वेचून यंत्र रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी काढते. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची. ते एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे अवघे जग हेच यंत्र शोधू लागले असताना, वारले.

या आकड्याला किती वजन आहे, हे मला ब्रिटनमधल्या रुग्णालयांत कोविडच्या रुग्णांवर झालेल्या ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीवरून उमगले. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले आणि नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांचे २६.२ वरून २३.३ वर, ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही. म्हणजे ऑक्सिजनची पातळी उत्तम असताना शेजाऱ्याच्या सांगण्यावरून स्टेरॉइड सुरू करणाऱ्यांनी, आणि आमच्या इमारतीत असे दोघे होते, आधी बोट या चिमट्यात घालायला हवे होते.

अचूकतेच्या बाबतीत मात्र माझे समाधान नाही. खोक्यावर दोन टक्क्यांचा फरक पडू शकतो असे छापले आहे, पण अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी तपासून डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तातली पातळी ८८ च्याही खाली असल्याचे कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के आणि गौरवर्णीयांच्या ३.६ टक्के मोजण्यांत आढळले. सावळ्या माणसांच्या देशात विकल्या जाणाऱ्या यंत्राच्या माहितीपत्रकात याविषयी एक ओळही नसावी, हे मला खटकते.

गेल्या पावसाळ्यात आईला न्यूमोनिया झाला, तेव्हा भांडी घासून आलेल्या तिच्या गार बोटावर ८७ दिसले आणि माझेच हातपाय गळाले. हात चोळून, नखावरचा रंग पुसून, दोन मिनिटे स्वस्थ बसवून पुन्हा लावल्यावर आकडा ९५ वर स्थिरावला. पडद्यावर नाडीची रेघ एकसारखी उमटेपर्यंत आकडा वाचायचाच नाही, ही सवय मला तेव्हापासून लागली. सहा मिनिटे चालून पुन्हा मोजणे हेही घरात सहज जमते, आणि त्या नोंदींची वही डॉक्टरांनी लक्षपूर्वक पाहिली.

बांधणी बरी आहे, चिमट्याची स्प्रिंग अजून ढिली पडलेली नाही. सेल मात्र वापर झाल्यावर काढून ठेवावेत. माझ्या यंत्रात ते तसेच राहून पाझरले आणि पट्टीवर चढलेला हिरवा गंज मला सुरीच्या टोकाने खरवडावा लागला.